लपवून घेतलेली गोळी

पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आमच्याकडे लोक चारचौघांत मागतात, साखर किती निघाली हे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही सांगतात, आणि त्यावरून कारल्याच्या रसापासून मेथीच्या दाण्यांपर्यंत सल्ल्यांची देवाणघेवाण होते. मानसिक आजाराची चिठ्ठी मात्र दुकानात दुसरे कुणी असेपर्यंत खिशातून बाहेर येत नाही. माणूस उगाच एखादी डोकेदुखीची गोळी मागतो, बाजूला उभा राहतो, गर्दी ओसरण्याची वाट पाहतो आणि मग घडी घातलेला कागद काउंटरवर पुढे सरकवतो. गोळ्या हातात घेताना त्याची विनंती ठरलेली असते : "भाऊ, खोकं नका देऊ, नुसती पट्टी द्या." काहींना पट्टीही नको असते. "घरी कोणी इचारलं तं काय सांगू?" असे म्हणत एका बाईंनी माझ्यासमोर एकेक गोळी पट्टीतून काढली आणि थायरॉइडच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरली. थायरॉइडचे औषध चालू असल्याचे सासरी माहीत होते आणि त्याला कुणाची हरकत नव्हती.

त्या बाटलीवर आता चुकीचे नाव होते, चुकीची मात्रा होती आणि मुदत संपण्याची तारीखही दुसऱ्याच औषधाची होती. उद्या त्या बेशुद्ध पडल्या असत्या, तर घरच्यांनी डॉक्टरांपुढे तीच बाटली ठेवली असती आणि डॉक्टरांनी थायरॉइडचा विचार करून उपचार सुरू केले असते.

मानसिक आजाराच्या कलंकाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा दुखावलेल्या मनांबद्दल, अपमानाबद्दल आणि एकटेपणाबद्दल बोलतो. ते सगळे खरे आहे आणि त्याचे दुःख मोठे आहे. परंतु औषधांच्या व्यवसायात इतकी वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे, की या कलंकाचा हिशेब शरीरावर होणाऱ्या परिणामांच्या वहीतही मांडला पाहिजे, कारण लपवलेल्या आजाराचे औषध चुकते, तुटते, दुसऱ्या औषधाशी भिडते, आणि त्यातून येणारे दुखणे, अपंगत्व व मृत्यू सार्वजनिक आरोग्याच्या खात्यावर दुसऱ्याच नावाने जमा होतात.

लिथियमचे उदाहरण घ्या. उन्माद आणि नैराश्य यांचे झटके आलटून पालटून येणाऱ्या द्विध्रुवीय विकारात, म्हणजे लोक ज्याला बायपोलर म्हणतात त्या आजारात, हे अतिशय उपयोगी आणि जुने औषध आहे. त्याची अडचण एवढीच, की उपयोगाची पातळी आणि विषबाधेची पातळी यांच्यातले अंतर फार कमी असते. म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. अंगातले पाणी कमी झाले, जुलाब-उलट्या झाल्या, की लिथियमची रक्तातली पातळी वाढते. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी साधी वेदनाशामक गोळी घेतली तरी ती वाढते, आणि रक्तदाबाच्या काही औषधांनीही वाढते. आता आमच्याकडचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. पारा ४५ अंशांवर गेलेला, शेतात नांगरणी-वखरणीची कामे चाललेली, आणि कंबरदुखीची गोळी तर किराणा दुकानातही मिळते. ज्या माणसाने आपण लिथियम घेतो हे बायकोला सांगितलेले नाही, गावातल्या डॉक्टरांना सांगितलेले नाही आणि शहरातल्या दुकानातून गुपचूप आणलेले औषध ट्रंकेत कपड्यांखाली ठेवले आहे, त्याला हात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले, तर हे कशाने झाले हे ओळखायला त्याच्याभोवती कुणीही नसते. ऊन लागले असे समजून घरचे त्याला कांद्याचा रस लावत बसतात.

सोडियम व्हॅल्प्रोएटची गोष्ट याहून अवघड आहे. अपस्मारासाठी, म्हणजे फिट येण्याच्या आजारासाठी, आणि बायपोलर विकारासाठी ते दिले जाते. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, त्यामुळे बाळाच्या पाठीच्या कण्यात आणि इतर अवयवांत गंभीर जन्मजात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो, म्हणून मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रीला ते द्यायचे की नाही याचा डॉक्टर फार काळजीपूर्वक विचार करतात आणि शक्य तेव्हा आधीच औषध बदलतात. हा विचार होण्यासाठी एकच अट आहे, ती म्हणजे त्या स्त्रीला लग्नाआधी आणि लग्नानंतर हे औषध सांगता आले पाहिजे. आमच्याकडे नेमके तेच अशक्य असते. माहेरच्यांनी सासरी सांगितलेले नसते, म्हणून ती नवऱ्यासोबत स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते तेव्हा त्याच्यादेखत "कोणती औषधे चालू आहेत?" या प्रश्नाला "काहीच नाही" असे उत्तर देते. यातून दोन गोष्टी संभवतात. ती गोळ्या चालू ठेवते आणि बाळाला धोका पोहोचतो, किंवा घाबरून एका दिवसात सगळे बंद करते आणि आजार उसळतो. बाळंतपणानंतरचे आठवडे तर अशा आजाराच्या उलटण्यासाठी सर्वांत नाजूक असतात. तिच्या पुढ्यात जे काही वाढून ठेवलेले असते त्याची जबाबदारी शेवटी तिच्याच नशिबावर ढकलली जाते.

औषध मध्येच बंद करण्याचा प्रकार सगळ्यांत जास्त आढळतो. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटीन किंवा एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही त्या कित्येक महिने घ्याव्या लागतात. "सवय लागेल", "मेंदू सुन्न होईल", "आयुष्यभर झोपेच्या गोळ्यांवर राहशील" असे नातेवाईक बजावत असतात. प्रत्यक्षात या गोळ्या झोपेच्या नव्हेत आणि व्यसन लावणाऱ्याही नव्हेत. पण ज्याने त्या लपूनछपून घेतल्या आहेत, त्याला ही शंका कुणाला विचारता येत नाही. त्यात आमच्या गावचा माणूस गावातल्या दुकानात यायला धजत नाही. तो अमरावतीला किंवा अकोल्याला जातो, आणि तिकडच्या गावांतली माणसे माझ्याकडे येतात. एसटीच्या स्थानकावर एकमेकांना ओलांडून जाणाऱ्या या माणसांना आपण एकाच कारणासाठी निघालो आहोत हे ठाऊकही नसते. पेरणीचे दिवस आले, हातात पैसा नसला, रस्ता वाहून गेला, की त्या महिन्याची फेरी चुकते आणि गोळ्या तुटतात. स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या आजाराच्या, रुग्णाच्या बाबतीत अशी तूट म्हणजे पुन्हा सगळे पहिल्यापासून, आणि प्रत्येक वेळी पूर्वीइतके बरे होण्याची शक्यता थोडी कमी झालेली.

शरीराच्या आजारांचे काय होते तेही सांगितले पाहिजे. ज्याच्या केसपेपरवर एकदा मानसिक आजार लिहिला गेला, त्याच्या छातीतल्या दुखण्याकडे, पोटदुखीकडे आणि वजन घटण्याकडे "याचे नेहमीचेच आहे" अशा नजरेने पाहिले जाते. हे फक्त घरी घडत नाही, दवाखान्यातही घडते, आणि शिकलेल्या माणसांकडून घडते. स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरच्या ओलान्झापिनसारख्या काही औषधांनी वजन आणि रक्तातली साखर वाढू शकते, म्हणून अशा रुग्णाची साखर अधिक जागरूकपणे तपासायला हवी. अनुभव असा, की ती तपासली जाण्याची शक्यता त्याच्या बाबतीत सगळ्यांत कमी असते. तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा सुमारे १० ते २० वर्षे लवकर जातात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातले बरेचसे मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे आजार अशा टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात. म्हणजे ज्या आजारासाठी आपण त्या माणसाला वाळीत टाकले, त्या आजाराने तो मेलेला नसतो.

माझ्या दुकानात शेड्यूल एच-१ची एक वही आहे. मार्च २०१४ पासून काही ठरावीक औषधे विकताना डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या त्या वहीत लिहावी लागते आणि ती नोंद ३ वर्षे जपून ठेवावी लागते. तिच्यात झोपेच्या आणि घबराटीवरच्या काही गोळ्या आहेत, तशीच क्षयाचीही औषधे आहेत. एकाच पानावर एका ओळीत अल्प्राझोलम आणि पुढच्या ओळीत रिफाम्पिसिन. या दोन ओळींकडे पाहताना मला नेहमी वाटते, की क्षयरोगाचा कलंक आमच्या आजोबांच्या काळात याहून कमी नव्हता. क्षयी माणसाची भांडी वेगळी, खाट वेगळी, त्याच्या घरात मुलगी देत नसत. तो कलंक आजही पूर्ण गेलेला नाही, पण पुष्कळ ओसरला आहे, आणि तो ओसरण्यामागे मुख्य कारण हे आहे, की औषधांनी माणसे बरी होऊन शेतावर परतलेली लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली. सरकारनेही त्या आजाराची नोंद, औषधे आणि पाठपुरावा यांची व्यवस्था उभी केली. २०१८ पासून आम्हा औषधविक्रेत्यांनाही क्षयाच्या रुग्णाची माहिती कळवणे बंधनकारक झाले आणि त्याच वर्षी रुग्णाच्या खात्यावर पोषणासाठी दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले, जे पुढे १,००० झाले. मानसिक आजाराच्या ओळीसाठी अशी पाठीशी उभी राहणारी व्यवस्था नाही. आणि या दोन ओळी वेगळ्या माणसांच्याच असतात असेही नाही. नैराश्याने ग्रासलेला क्षयरुग्ण गोळ्या अर्धवट टाकतो, आणि अर्धवट टाकलेल्या गोळ्यांतून औषधांना न जुमानणारा क्षय तयार होतो, जो त्याच्या घरात आणि गावात पसरतो. त्या हट्टी क्षयावर दिल्या जाणाऱ्या सायक्लोसेरीनमुळे काही रुग्णांत भास, भ्रम आणि उदासी निर्माण होऊ शकते. ज्याने आपला पूर्वीचा मानसिक आजार डॉक्टरांपासून लपवला आहे, त्याला हे औषध कुणाच्याही ध्यानीमनी नसताना सुरू होते. संसर्गजन्य आजार आटोक्यात आणण्याच्या कामातही हा कलंक आड येतो तो असा.

लपवण्याचे सर्वांत मोठे कारण लग्न आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आणि लग्न केवळ रुग्णाचे नव्हे. थोरल्या भावाला आजार असेल तर धाकट्या बहिणीचे स्थळ फिसकटेल, चुलत्याला असेल तर पुतण्याचे, "घराण्यात कुणाला काही?" हा प्रश्न चहा-पोह्यांच्या आधी मध्यस्थांमार्फत विचारून झालेला असतो. म्हणून एकाच्या आजाराचे गुपित सगळ्या भाऊबंदांनी मिळून राखायचे असते, आणि ते राखण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे उपचारच न करणे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी मनाशी धरलेले असते. दुसरीकडे "लग्न लावून द्या, जबाबदारी आली की ठीक होईल" हा सल्लाही तेच वडीलधारे देतात, आणि त्या औषधोपचाराची किंमत एका अनोळखी मुलीला मोजावी लागते.

कायद्याकडे पाहिले तरी ही भीती कुठून येते ते कळते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्मार, कुष्ठरोग आणि मानसिक विकार हे तिन्ही आजार एकेकाळी लग्नाच्या वैधतेशी किंवा घटस्फोटाशी जोडलेले होते. अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्ये वगळला गेला. कुष्ठरोगाचा २०१९ मध्ये वगळला गेला, ज्या आजारासाठी महाराष्ट्राने बाबा आमट्यांचे आनंदवन पाहिले त्या आजाराला कायद्याच्या पुस्तकातून बाहेर पडायला इतकी वर्षे लागली. मानसिक विकाराचा उल्लेख राहिला. तो आजही कायद्यात आहे, आणि तो सरसकट सगळ्या मानसिक आजारांना लागू होत नाही, आजाराचे स्वरूप आणि त्याची तीव्रता इतकी असावी लागते की जोडीदाराने एकत्र राहावे अशी अपेक्षा करणे रास्त ठरणार नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेले असूनही गावात कुणाला ठाऊक नसते. लोकांना ठाऊक असते ते एवढेच, की "वेडाच्या कारणावरून सोडचिठ्ठी मिळते". त्यामुळे साध्या घबराटीच्या विकारासाठी गोळ्या घेणारी, नोकरी आणि संसार उत्तम सांभाळणारी स्त्रीसुद्धा चिठ्ठी जाळून टाकते, कारण तो कागद पुढेमागे न्यायालयात आपल्याविरुद्ध वापरला जाईल असे तिला वाटते.

भगताकडे आणि देवऋषीकडे जाणाऱ्यांना आपण अडाणी म्हणून मोकळे होतो. मला वाटते, त्या जाण्यात एक हिशेब असतो. "बाहेरचं आहे" असे एकदा ठरले, की दोष कुणा दुसऱ्याने केलेल्या करणीचा होतो, घराण्याच्या रक्ताचा राहत नाही. बाधा उतरली की विषय संपतो आणि मुलीच्या लग्नाला अडथळा येत नाही. मनोविकारतज्ज्ञाच्या चिठ्ठीने यातले काहीच साधत नाही. बहुसंख्य कुटुंबांना दोन्हीकडे जायचे असते, आणि जी कुटुंबे अंगारा लावून गोळीही देतात त्यांच्याशी वाद घालू नये असे माझे मत आहे. वाद घालायचा तो साखळदंडांशी आणि मारहाणीशी. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी निवासात आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधून ठेवलेली २८ माणसे पळू न शकल्यामुळे जळून मेली. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे आणि मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले आणि त्यांचा खून झाल्यानंतरच तो झाला, हे आपण विसरू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यानेही रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

आमच्या भागात हा विषय शेतकरी आत्महत्यांपाशी येऊन थांबतो, आणि इथे फार जपून बोलावे लागते. कापसाला भाव नसणे, सावकाराचा तगादा आणि पावसाने दगा देणे या गोष्टींवर कोणतीही गोळी नाही. शेतकऱ्याच्या मरणाला "नैराश्य" म्हणून मोकळे होणे हा त्याच्यावर आणखी एक अन्याय आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्या रागाशी मी सहमत आहे. तरीही कर्ज सारखेच असलेल्या दोन माणसांपैकी एक जगतो आणि दुसरा जातो तो का, या प्रश्नापाशी आजार आणि दारू यांचा विचार करावाच लागतो, आणि नेमका तोच विचार नोंदवला जाऊ नये अशी आपली रचना आहे. सरकारची एक लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा ही कारणे सिद्ध व्हावी लागतात. चौकशीत आजार, व्यसन किंवा घरगुती कलह पुढे आला की प्रकरण अपात्र ठरण्याची भीती असते. अशा वेळी "त्यांना झोप येत नव्हती, ते सहा महिने कुणाशी बोलत नव्हते" असे तलाठ्यापुढे कोणती विधवा सांगेल? तिने सांगितले नाही तर मदतीची आशा राहते. पण त्या गावातल्या पुढच्या माणसासाठी काय करायला हवे होते ही माहिती कायमची पुसली जाते.

पोलिसांची भीतीही तशीच. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता, म्हणून वाचलेल्या माणसाला दवाखान्यात नेताना घरचे सरळ खोटे सांगत. २०१७च्या कायद्याच्या कलम ११५ ने असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरायचे ठरवले आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम त्या रूपात राहिले नाही. ही बातमी दवाखान्याच्या दारापर्यंत अजून पोहोचायची आहे. खोटे सांगितले की पोट साफ करून माणसाला घरी पाठवतात, आणि ज्या क्षणी त्याला मनोविकारतज्ज्ञाने भेटायला हवे तो क्षण निघून जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या आणि त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा विचारांशी झगडत असेल, तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, आणि तिथे मराठीत बोलता येते. त्यासाठी कुणाच्या दारासमोर उभे राहावे लागत नाही.

कलंकामुळे जे सांगितले जात नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही त्याला अर्थसंकल्पात जागा मिळत नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती आणि महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्या सर्वेक्षणानुसार सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. देशात एक लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा भरत नाही. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवले, की उपचार न घेण्याचा सगळा दोष लोकांच्या लाजेवर टाकता येत नाही.

इथे मला माझा मुख्य मुद्दा मांडायचा आहे. आधी लोकांच्या मनातला कलंक घालवू, मग ते उपचाराला येतील, असा क्रम सगळीकडे धरला जातो. मला तो उलटा वाटतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या नावाने एक प्रकल्प राबवला गेला. त्यात गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत लोकांशी बोलणे, समुपदेशन करणे आणि गरज पडेल तिथे डॉक्टरांपर्यंत नेणे अशी साखळी उभी केली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कुणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि आत्महत्येचे विचार येत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. १८ महिन्यांत वऱ्हाडातल्या माणसांच्या मनातून पिढ्यान्‌पिढ्यांची लाज निघून गेली असेल असे मला वाटत नाही. गावे तीच होती आणि माणसेही तीच, बदलले ते एवढेच, की ओळखीचे कुणीतरी ओसरीवर येऊन बसले आणि "झोप लागते का? जेवण जाते का?" असे विचारू लागले, आणि त्या प्रश्नाच्या मागे खरोखर मिळणारी मदत होती. तरीही जवळजवळ तीन चतुर्थांश लोक मदतीबाहेर राहिले, हेही तितकेच खरे. राज्य सरकारचा 'प्रेरणा' प्रकल्प १४ जिल्ह्यांत आशाताईंमार्फत असेच काम करतो. आशाताईंवर आधीच लसीकरणापासून गरोदर मातांपर्यंत किती कामांचा बोजा आहे आणि त्या कामाचे किती पैसे त्यांना मिळतात, हे पाहता हे काम केवळ त्यांच्या भलेपणावर सोडणे अन्यायाचे आहे.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा नाही असे नाही. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली, आणि रस्त्यांवर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचवणाऱ्या डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या सगळ्यांनी बरी झालेली माणसे समाजाला दाखवली. परंतु येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या मनोरुग्णालये असलेल्या चार ठिकाणांची नावे अजूनही आपल्याकडे टोमणा म्हणून वापरली जातात, आणि जोपर्यंत मानसिक उपचार म्हटले की दूरच्या शहरातली ती उंच भिंतच आठवते, तोपर्यंत चिठ्ठीची घडी उलगडणार नाही. उपचार तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, तापाच्या आणि साखरेच्या रांगेतच, त्याच केसपेपरवर मिळाले पाहिजेत. त्या रांगेत उभा असलेला माणूस कशासाठी आला आहे हे कुणालाही कळत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना माझे काही सांगणे आहे. फ्लुओक्सेटीन, एस्सिटालोप्राम, लिथियम, रिस्पेरिडोन ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत आणि त्यांतली बरीचशी स्वस्त आहेत. "खप नाही" म्हणून ती न ठेवणे सोडून द्यावे, कारण ती गावात मिळत नाहीत म्हणूनही माणसे शहरात जातात आणि त्यांचा महिना चुकतो. चिठ्ठी वाचताना औषधाचे नाव मोठ्याने पुकारू नये. गोळ्या पट्टीतून सुट्या करून मागितल्या, तर पट्टीच द्यावी आणि हवे तर साध्या पुडीत बांधून द्यावी. लिथियमच्या रुग्णाला दुसरी वेदनाशामक गोळी देण्याआधी त्याला बाजूला घेऊन दोन मिनिटे बोलावे, आणि लग्न ठरलेल्या किंवा नुकत्याच लग्न झालेल्या मुलीच्या चिठ्ठीवर व्हॅल्प्रोएट असेल तर डॉक्टरांना फोन करावा. ग्रामीण रुग्णालयातल्या अधिकाऱ्यांना मी लेखी विनंती केली आहे, की महिन्यातून एकदा येणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांची खोली मागच्या इमारतीच्या टोकाला, वेगळ्या पाटीखाली ठेवण्याऐवजी मुख्य बाह्यरुग्ण विभागात आणावी, आणि तिथे लिहून दिलेली औषधे तिथल्याच खिडकीवर पूर्ण महिन्याची मिळावीत. पंधरा दिवसांची देऊन "उरलेली बाहेरून घ्या" असे सांगितले, की ती उरलेली माझ्या दुकानातून विकली जातात. ज्यांना ती विकत घेणे परवडत नाही त्यांचे पंधरा दिवस औषधावाचून जातात, आणि पुढच्या महिन्याच्या यादीत त्यांच्यापुढे "गैरहजर" असे लिहिलेले असते.